वॉल काढण्याचा हंगाम

आमच्या वर्धा जिल्ह्यात गाड्या दहा महिने खोटं बोलतात आणि एप्रिल-मेमध्ये खरं बोलायला लागतात. रेडिएटर निम्मा बुजला आहे, पंख्याचा पट्टा सैल पडला आहे, एसीतला गॅस दिवाळीपासून थोडा थोडा निसटतो आहे, हे डिसेंबरात कुणालाच कळत नाही. पारा शेहेचाळीसवर गेला की गाडी भर रस्त्यात, चार लोकांसमोर सगळं कबूल करते. ती कबुली ऐकून घेणं हे माझं सतरा-अठरा वर्षांचं काम होतं.

हा लेख मागणाऱ्या संपादकांना माझा संघर्ष हवा होता. तसं त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. माझ्याकडे तो फारसा नाही. नागपूरला एका उस्तादांच्या हाताखाली रेडिएटरचं आणि एसीचं काम शिकलो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्यात नागपूर रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं. दुकानात स्वतःसाठी कूलर होता. लोकांच्या गाड्या गार करणारा माणूस घामाने भिजलेला दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, म्हणून तो घ्यावा लागला. एवढ्यात माझं चरित्र संपतं.

कामाविषयी मात्र थोडं सांगायला हवं. इंजिनात जे डिझेल जळतं त्यातली थोडीच ताकद चाकांपर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. ती उष्णता पाणी उचलतं, रबरी पाइपातून समोरच्या रेडिएटरमध्ये नेतं, तिथे वाऱ्याने गार होतं आणि पुन्हा इंजिनात जातं. गाडी तापली की मी आधी दोन पाइपांना हात लावायचो, वरच्या आणि खालच्या. वरचा चटका देणारा आणि खालचा त्याहून बराच निवलेला, तर रेडिएटर आपलं काम करतो आहे. दोन्ही सारखेच तापलेले, तर पंखा बघा किंवा जाळी बघा. वरचा गरम आणि खालचा पार थंड, तर पाणी कुठेतरी अडलं आहे. मग झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. त्याची स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळतं. एवढ्याशा झाकणापायी अख्खं इंजिन उघडून बसलेले लोक मी पाहिलेत.

एसीचं दुखणं वेगळं. एसी थंडी तयार करत नाही. गाडीच्या आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. ती टाकण्याची जागा असते बरोबर रेडिएटरच्या पुढ्यात. म्हणजे आधीच घामाघूम झालेल्या रेडिएटरच्या तोंडावर एसी आणखी गरम हवा सोडतो. हे शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकण्यासारखं आहे, आणि शेजारी सोशिक असेल तोवर चालतं.

गिऱ्हाइकाला यातलं काही नको असतं. तो येतो आणि म्हणतो, गॅस भरून द्या. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठूनतरी गेला आहे, आणि ती जागा साबणाच्या फेसाने शोधल्याशिवाय पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेडमध्ये पाटी लावली. ती वाचून लोक म्हणायचे, बरोबर आहे, पण आता गॅस भरून द्या.

त्या काळात गाडीत एसी असणं हे गाडी असण्यापेक्षा मोठं होतं. एक कंत्राटदार होते. त्यांचा एसी वर्षभर बंद होता, पण गावातून जाताना ते चारही काचा वर ठेवत आणि शेवटचं घर मागे पडलं की खाली करत. माझ्याकडे आले तेव्हा गळ्यात टॉवेल होता आणि सफारीचा रंग पाठीवर दोन प्रकारचा दिसत होता. मी खर्चाचा अंदाज सांगितला. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "गार हवा नाई आली तरी चालते मिस्त्री. फक्त आवाज आला पाहिजे." मी आवाज दुरुस्त करून दिला. ते खूश होते.

दुसरा प्रकार वरातीच्या गाड्यांचा. मे महिन्यात लग्नं, नवरदेवासाठी कुणाकडून तरी मागून आणलेली एसीची गाडी, तिच्या तोंडावर फुलांची जाळी आणि मधोमध थर्माकोलचा गणपती. पुढे बँड, म्हणजे वेग पायी चालणाऱ्याचा. वाऱ्याला आत यायला बोटभर फट नाही. गाडी सिंदी मेघेच्या वळणावर पोचेपर्यंत उकळायची आणि मला बोलावणं यायचं. मी अवजारांची पेटी घेऊन जायचो, फुलं काढायचो आणि परत यायचो. एका वधुपित्याने विचारलं होतं, बिघाड काय होता? मी म्हटलं, झेंडू.

हे सगळं मजेचं. आता जे सांगायचं आहे ते तसं नाही.

रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये, पाण्याच्या वाटेवर, तळहातात मावेल एवढं एक आपोआप उघडणारं झाकण असतं. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात, आमच्याकडे नुसतं वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, झाकण उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर कामाला येतं.

आमच्या भागाचा याविषयीचा विचार सरळ होता. जिथे सकाळी नऊ वाजता बॉनेटवर हात ठेववत नाही तिथे इंजिन लवकर तापवणारी वस्तू हवी कशाला? पाण्याच्या वाटेत दार कशाला? काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. त्यामुळे होळी झाली, धुळवड झाली, की तिसऱ्या दिवसापासून वॉल काढण्याचा हंगाम सुरू व्हायचा. कूलरला नवीन वाळा लावायचा आणि गाडीचा वॉल काढायचा, ही दोन्ही कामं लोक एकाच दमात आठवायचे. दिवाळीनंतर तो पुन्हा बसवायचा असा नियम होता, पण तो कुणी पाळत नसे. माझ्या शेडच्या भिंतीवर एका तारेत असे काढलेले वॉल ओवलेले होते. उस्तादांनी शिकवलं तसं मी करत होतो आणि जुन्या गाड्यांनी कधी तक्रार केली नाही.

मला वाचायची सवय आहे. गाड्यांच्या इंग्रजी पुस्तिका मी झेरॉक्स करून आणायचो आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचायचो. त्यातल्या एकीत स्पष्ट लिहिलेलं होतं की वॉलशिवाय इंजिन चालवू नये. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, लिहिणाऱ्याने वर्ध्याचा मे महिना पाहिलेला नाही. कुणी मोठा माणूस काही बोलला की ते तपासून बघायचं, ही माझी खोड गावभर प्रसिद्ध होती. उस्तादांचं मात्र मी कधी तपासलं नाही, आणि पुढे पुढे स्वतःचंही.

गोवर्धनशेठ हे आमच्याकडचे डाळ मिलचे मालक. तीन संस्थांचे अध्यक्ष, दोनांचे विश्वस्त आणि उरलेल्यांच्या उद्घाटनाला हजर. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो हे चार लोकांनी पाहिलेलं आवडायचं. दोन हजार साल उलटल्यावर त्यांनी नवीन मोठी डिझेल गाडी घेतली, पुढेमागे दोन्हीकडे एसीचे झरोके असलेली. ती चालवायला देवराव.

देवराव पवनारचे. तेव्हा पन्नाशीचे असतील. शेठच्या वडिलांची अँबॅसिडर चालवायला लागले तेव्हापासून त्याच घरी, बावीस वर्षं. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी, तेल, पट्टा बघायचे आणि मग हात पुसून चहा घ्यायचे, त्याआधी नाही. घरातल्या लग्नांच्या, बाळंतपणांच्या, अंत्ययात्रांच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी केलेल्या. बोलायचे कमी. त्यांच्याविषयी कुणी काही वेगळं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी होळीनंतर शेठच्या शेजाऱ्याने वॉल काढून घेतला, म्हणून शेठनेही देवरावांना गाडी घेऊन माझ्याकडे पाठवलं. वीस मिनिटांचं काम. काढला आणि तारेत ओवला.

मेमध्ये दिल्लीहून एक मोठे पाहुणे आले. त्यांना पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात जाऊन साधेपणापुढे नतमस्तक व्हायचं होतं. असे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ येतात. ते चपला बाहेर काढून आत जातात आणि बाहेर त्यांची गाडी इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी असते, कारण नतमस्तक होऊन परत आल्यावर आतली सीट गार लागली पाहिजे. अर्धा-पाऊण तास, भर दुपारी, जागच्या जागी. धंद्याच्या दृष्टीने मला या श्रद्धेविषयी आदर होता.

त्या दिवशी गाडी गोवर्धनशेठची होती, कारण ती जिल्ह्यातली सगळ्यात गार गाडी असं त्यांनीच कळवलं होतं. पाहुण्यांना आश्रमातून थेट नागपूरला विमानाला जायचं होतं. सेलू मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि गाडी थांबली ती थांबलीच. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत एका बाभळीखाली वीस मिनिटं उभे होते. बाभळीची सावली केवढी असते हे आमच्याकडच्यांना माहीत आहे. शेवटी सोबतच्या पोलिसांच्या जीपमधून, काचा उघड्या ठेवून, ते नागपूरला सुखरूप पोचले. विमान उशिरा आलं होतं.

सोमवारी ही घटना घडली आणि संध्याकाळच्या आत गाडी टोचन करून माझ्या दारात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः आले. नेहमी त्यांच्यासोबत दोघेतिघे असत, त्या दिवशी एकटेच होते. माझ्या स्टुलावर बसले, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पाहुण्यांच्या ऑफिसातून फोनवर फोन येत होते. विचारणा होत होती की असं झालं कसं. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फक्त इतकं लिहून द्या का गाडीत पाणी नव्हतं. ड्रायव्हरनं पाह्यलं नाई. बाकी मी पाहून घेतो."

मी म्हटलं, बघून सांगतो. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. गाडी तापली तर दहातल्या सात वेळा चालवणाऱ्याचं लक्ष नसतं. देवरावांची सवय मला माहीत होती, पण माणूस पन्नाशीला आला की एखादा दिवस विसरतो, असं मी मनात म्हणून टाकलं. शेठ गेल्यावर इंजिन उघडलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलेलं; त्याखालचं पातळ पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, जळालेलं. हेड सपाट करायला नागपूरला पाठवलं.

देवराव रोज सकाळच्या बसने पवनारहून यायचे आणि शेडमधल्या बाकावर बसायचे. शेठने त्यांना घरी बसा म्हटलं होतं, पण त्यांना घरी बसता येत नव्हतं. मी काम करत असताना ते बघत राहायचे. हत्यार लागलं तर उठून द्यायचे. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले, "पाणी म्या सकाळी पाह्यलं होतं मिस्त्री. आश्रमापाशी उभा राह्यलो तं काटा वर जाऊन राह्यला. त्या पीएले सांगतलं, दहा मिनिट एसी बंद करतो म्हणून. तो म्हणे, साहेबांले गरम होते."

मग भाकरीचा तुकडा मोडून ते म्हणाले, "तुम्ही काय लिवसान ते पाहूनशान लिवा. माह्यावाल्या गोष्टीवर नोका लिवू."

मला त्या वाक्याचा थोडा राग आला. मी नेहमी पाहूनच लिहितो, असं मी त्यांना सांगितलं.

पाहू लागलो तसं पाणी नसल्याचं चिन्ह काही सापडेना. जादा पाण्याच्या बाटलीत हिरवं पाणी खुणेपर्यंत होतं. पंखा फिरत होता. झाकण नवं. रेडिएटरमध्ये आमच्याकडच्या विहिरींच्या पाण्याने खडूसारखा थर धरतो, पण यात तो नव्हता. गॅस्केट जळणं हा परिणाम झाला, कारण नव्हे. कारण सापडल्याशिवाय गाडी परत देणं म्हणजे ताप उतरला म्हणून रोग्याला घरी पाठवणं.

शुक्रवारी हेड बसवून गाडी उभी केली. त्या दिवशी देवराव आले नव्हते, शेठच्या मिलमधून त्यांना बोलावणं होतं. भर दुपारी दीड वाजता मी गाडी उन्हात काढली, एसी पूर्ण सोडला आणि आश्रमापुढे उभी होती तशी जागच्या जागी चालू ठेवली. पंचवीस मिनिटांत काटा चढायला लागला. मी उतरून पाइपांना हात लावला आणि तसाच उभा राहिलो. इंजिन उकळायच्या बेतात होतं आणि रेडिएटर नुसता कोमट. म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे जातच नव्हतं. इंजिनातून निघून कुठल्यातरी आडवाटेने ते परत इंजिनातच शिरत होतं.

गाडी बंद केली. तारेतून या गाडीचा वॉल काढला. तो इतरांपेक्षा नवा असल्यामुळे चटकन ओळखू आला. त्याच्या खालच्या अंगाला एक छोटी गोल चकती होती. मी ज्या जुन्या गाड्यांवर शिकलो त्यांच्या वॉलला अशी चकती नसायची. या नव्या इंजिनात पाण्याला दोन वाटा होत्या. एक रेडिएटरकडे, दुसरी सरळ परत इंजिनात. वॉल तापून उघडला की वरचं झाकण पहिली वाट मोकळी करायचं आणि खालची चकती दुसरी वाट बंद करायची. वॉलच काढला, तर जवळची वाट कायमची उघडी. पाणी माणसांसारखंच आहे, जवळची वाट असताना लांबच्या वाटेने कोण जाईल?

वॉल बसवला. पाणी भरलं. पुन्हा एसी सोडून पाऊण तास उन्हात. काटा मध्यावर आला आणि तिथून हलला नाही.

ती चकती मार्चमध्ये माझ्याच बोटांत होती. तारेत ओवताना ती आडवी आली म्हणून मी वॉल तिरपा करून ओवला होता, हेही आठवलं. ती कशासाठी आहे असा प्रश्न मला पडला नव्हता.

इथवर मी जे केलं ते अज्ञान होतं. त्याची मला फारशी लाज वाटत नाही; सगळ्या गावाने ते माझ्यासोबत केलं. पुढच्या चार दिवसांचं तसं म्हणता येत नाही.

मी लगेच शेठकडे गेलो नाही. शुक्रवारी स्वतःला सांगितलं की एकदा तपासून चालत नाही, उद्या पुन्हा बघू. शनिवारी पुन्हा बघितलं आणि तेच दिसलं. शनिवारी संध्याकाळी मिलचा माणूस गाडी घेऊन गेला. वॉल आत होता, गाडी ठणठणीत होती. त्याने शेठचा निरोप सांगितला, ते लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, देतो सावकाश. रविवार गेला. सोमवार गेला. त्या मोसमात मी वॉल काढलेल्या तशा नव्या गाड्या गावात बारा-पंधरा तरी फिरत होत्या, आणि त्यांचे मालक मला चौकात नमस्कार करत होते. मी एकाचं कबूल केलं की सगळ्यांचं करावं लागणार होतं. हे कारण मी तेव्हा मनातसुद्धा स्पष्ट मांडलं नाही. मी फक्त खूप कामात होतो.

मंगळवारी सकाळी चहाच्या टपरीवर कळलं की देवरावांकडून गाडीची चावी काढून घेतली. लोक म्हणत होते, म्हातारपणात बाटली जवळ केली असेल. देवरावांनी जन्मात तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती. पण अशी गोष्ट एकदा टपरीवर आली की वर्ध्यात त्या माणसाला दुसरी गाडी कोण देणार?

मी हात धुऊन तसाच मिलवर गेलो. शेठ गादीवर होते. मी सगळं सांगितलं, वॉल, चकती, दोन वाटा. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांना इंजिनातलं कळत नव्हतं पण धंद्यातलं कळत होतं, आणि त्यांनी बरोबर तेच विचारलं.

"हे तुम्हाले कधी समजलं?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारी काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, शनिवारी पुन्हा तपासलं.

"काल सोमवारी म्या दिल्लीले फोन केला," शेठ म्हणाले. "सांगतलं का ड्रायव्हर काढून टाकला. ते खूश झाले. आता काय पुन्हा फोन करू, का ड्रायव्हर बरोबर होता, मिस्त्री चुकला, म्हणून परत ठेवला? तिथं कोणाले वॉल समजते?"

मी म्हटलं, मी स्वतः लिहून देतो, दोष माझा आहे म्हणून.

"तुमच्यावर राग नाई मिस्त्री. गाडी चांगली चालून राह्यली." त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. "आता वॉल राहू द्या आत." वॉल काढायला गाडी त्यांनीच पाठवली होती, हा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. चहा मी प्यायलो. तोही नाकारता आला असता.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेठने देवरावांना परत घेतलं नाही. मी त्या आठवड्यात गावातल्या गाड्या एकेक करून बोलावल्या आणि वॉल बसवून दिले. काहींनी कौतुक केलं, काहींनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. एकाने तर वॉल बसवून घ्यायला नकार दिला, कारण इतकी वर्षं सगळे काढतात ते काय वेडे आहेत? त्याला मी ओळखत होतो. आधीच्या शुक्रवारपर्यंत तो मी होतो. देवराव सात-आठ महिने घरी होते. मग पिपरी मेघेच्या एका शाळेला बससाठी चालक हवा होता. शाळेच्या माणसाने देवरावांनी दाखवलेलं माझं पत्र वाचलं आणि दुकानात येऊन मला विचारलं, हे तुम्हीच लिहिलं का? मी हो म्हटलं. देवरावांनी ती बस निवृत्त होईपर्यंत चालवली. पण शाळेची बस म्हणजे बावीस वर्षांचं घर नव्हे. शेठच्या घरी लग्न निघालं तेव्हा त्यांना पत्रिका आली, गाडी दुसऱ्याने चालवली.

ते पत्र मी शेठच्या गादीवरून आलो त्याच दिवशी लिहिलं. शेठना ते नको होतं, तर ज्याला हवं आहे त्याला द्यावं असा विचार केला. दुकानाच्या छापील कागदावर, शिक्का मारून. गाडीत पाणी पूर्ण होतं. इंजिन तापण्याचं कारण वॉल नसणं हे होतं. वॉल मी काढला होता. देवराव यांच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही. तीन वेळा लिहून पाहिलं आणि चौथ्यांदा चांगल्या अक्षरात काढलं. त्यात एकही विशेषण राहू दिलं नाही, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुपारच्या बसने पवनारला गेलो. देवराव अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि आत गेली.  मी पत्र दिलं. मिलवर काय झालं ते सांगितलं आणि मला शुक्रवारीच कळलं होतं हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग खिशातून चष्मा काढला आणि पत्र वाचलं. ओळीखाली बोट ठेवून सावकाश, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"अक्षर चांगलं हाये तुमचं," ते म्हणाले.

मी उठायच्या बेतात होतो. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"एक गोष्ट राह्यली याच्यात."

मी विचारलं, कोणती?

"तुम्ही वॉल काढून राह्यले होते तवा म्या विचारलं होतं. म्हणलं, मिस्त्री, गाडी नवी हाये, कंपनीनं बसवला तं काही कामाचा असनच, काऊन काढता?"

मला आठवेना. मग आठवलं. माझं डोकं बॉनेटखाली होतं आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी वर न बघताच म्हटलं होतं, तुम्ही गाडी चालवा देवराव, वॉलचं मी पाहतो. ती दोघं हसली होती. हसावं म्हणूनच मी ते बोललो होतो.

"तेवढं लिवा," देवराव म्हणाले. "का म्या विचारलं होतं."

मी पेन काढलं. कागदावर सहीखाली दोन बोटं जागा उरली होती. बाजेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं, "वॉल काढताना देवराव यांनी कारण विचारलं होतं. मला ते माहीत नव्हतं आणि मी ते मान्य केलं नाही." अक्षर वरच्याइतकं चांगलं आलं नाही. त्यांनी ती ओळ वाचली, कागद परत माझ्याकडे दिला आणि तिच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी तिथे पुन्हा सही केली.